स्वप्नदृष्टान्त आणि अधिकार : सतराव्या शतकातील मराठी संतांच्या स्वप्नानुभवांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठीत 'दृष्टान्त' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. एखादा मुद्दा पटवून देण्यासाठी दिलेला दाखला म्हणजे दृष्टान्त, आणि देवाने अथवा गुरूने स्वप्नात येऊन दिलेली आज्ञा म्हणजेही दृष्टान्तच. हे दोन अर्थ एका शब्दात एकत्र नांदावेत, हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही. न्यायदर्शनात दृष्टान्ताचे लक्षण सांगताना, ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचेही मत एक होते ती गोष्ट म्हणजे दृष्टान्त, असे म्हटले आहे. वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही मान्य असणारी जागा सापडली की वाद पुढे सरकतो. स्वप्नातील दृष्टान्तही मराठी समाजात नेमके हेच काम करीत होता, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. ज्या ठिकाणी रूढीने वाट बंद केलेली होती आणि उघड वादाने ती उघडणे शक्य नव्हते, त्या ठिकाणी स्वप्न हे दोन्ही पक्षांना मानावे लागणारे प्रमाण ठरत होते.

संतांच्या स्वप्नांविषयी आपल्याकडे दोन प्रकारे लिहिले जाते. भाविक चरित्रकार स्वप्नाला चमत्कारांच्या मालिकेत बसवतो. विवेकवादी अभ्यासक त्याला मनाचा खेळ ठरवून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. वर्गात हा विषय निघाला की विद्यार्थीही पहिला प्रश्न 'हे खरे का?' असाच विचारतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या प्रश्नाचे उत्तर साधनांतून मिळणार नाही. साधनांतून मिळते ते वेगळेच : स्वप्न कोणी सांगितले, कोणाला सांगितले, त्याचा अर्थ कोणी लावला, आणि त्या अर्थाच्या बळावर जागेपणी काय करता आले. प्रस्तुत निबंधात हा दुसरा प्रश्न प्रामुख्याने संत बहिणाबाई (शिऊर) यांच्या आत्मनिवेदनपर अभंगांच्या आधारे हाताळला आहे.

शास्त्रग्रंथांतील स्वप्नविचार

सतराव्या शतकातील मराठी माणसापुढे स्वप्नाविषयीच्या विचारांचा मोठा वारसा होता. त्यातील सर्वांत जुना आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत सुंदर विचार बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात येतो. जनक आणि याज्ञवल्क्य यांच्या संवादात स्वप्नाला इहलोक व परलोक यांच्या सांध्यावरचे स्थान म्हटले आहे. तेथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. पुरुष स्वतःच ते निर्माण करतो. शरीर हे खालचे घरटे. त्याच्या रक्षणासाठी प्राणाला ठेवून पुरुष घरट्याबाहेर पडतो आणि इच्छेप्रमाणे संचार करतो. म्हणूनच झोपलेल्याला एकाएकी जागे करू नये असे लोक म्हणतात, कारण तो परतला नाही तर त्याच्यावर उपचार करणे कठीण होते. आज ज्याला देहाबाहेरचा अनुभव म्हटले जाते, त्याची इतकी स्पष्ट कल्पना आणि तिच्यासोबत इतकी घरगुती भीती एकाच ठिकाणी क्वचितच सापडते.

ब्रह्मसूत्रांत हा विचार अधिक सावध झालेला दिसतो. स्वप्नातील सृष्टी मायामात्र आहे असे सांगून लगेच पुढच्या सूत्रात स्वप्न शुभाशुभाचे सूचक असते, हेही मान्य केले आहे. म्हणजे रथ खोटा, पण रथ दिसणे खरे. योगसूत्रांच्या विभूतिपादात देहाबाहेर वृत्ती नेण्याची व परशरीरात प्रवेश करण्याची शक्ती सिद्धींमध्ये गणली आहे. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. तीत शिष्यांनी आचार्यांच्या देहाची राखण केली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सिद्धीच्या मार्गाने देहाबाहेर पडायचे तर आसन, अभ्यास, गुरूचे सान्निध्य आणि मागे देह सांभाळणारी माणसे हे सर्व लागते. स्वप्नाला यांपैकी काहीच लागत नाही. ते शूद्राला पडते, स्त्रीला पडते, उपाशी माणसालाही पडते.

वैद्यकाची दृष्टी अगदी वेगळी होती. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. यांपैकी पहिले पाच, म्हणजे पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, इच्छिलेल्या व कल्पिलेल्या गोष्टींचे स्वप्न, निष्फळ समजावे. दिवसा पडलेले, फार लांबलेले किंवा फार आखूड स्वप्नही निष्फळ. रात्रीच्या पहिल्या प्रहरातील स्वप्नाचे फळ अल्प. मात्र स्वप्न पाहून पुन्हा झोप लागली नाही, तर त्याचे फळ मोठे. वैद्याला रोग्याचे आयुष्य किती उरले आहे याचा अंदाज बांधायचा होता आणि त्यासाठी मनाच्या नेहमीच्या गाळातून आलेली स्वप्ने वेगळी काढणे त्याला आवश्यक होते. पुढे बाराव्या शतकात जगद्देवाने 'स्वप्नचिंतामणी' या ग्रंथात शुभाशुभ स्वप्नांची पद्धतशीर मांडणी केली. अशा ग्रंथांचा वापर ज्योतिषी व पुराणिक करीत. त्यांत अमुक दिसले तर अमुक फळ, अशा स्वरूपाचे कोष्टकच असते.

या साऱ्या वर्गीकरणात न बसणारा एक प्रकार संतसाहित्यात आढळतो. त्यात स्वप्नाचा अर्थ लावावाच लागत नाही. स्वप्नात कोणी ओळखीची वा अनोळखी व्यक्ती येते, बोलते आणि काहीतरी करण्यास सांगते. प्रश्न उरतो तो एवढाच की जाग आल्यावर इतरांनी ते मानायचे की नाही.

एकनाथ आणि तुकाराम

या प्रकाराचे सोळाव्या शतकातील ठळक उदाहरण एकनाथांचे आहे. ज्ञानेश्वर स्वप्नात आले आणि अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, ती काढ, असे त्यांनी सांगितले. त्यानुसार एकनाथ आळंदीस गेले. ही हकीकत त्यांनी स्वतःच अभंगात सांगितली आहे. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तिच्यामागे हा दृष्टान्त उभा आहे. पाठचिकित्सा हे आपल्या विद्यापीठीय व्यवहारात अत्यंत कोरडे काम समजले जाते. तीनशे वर्षांच्या हस्तलिखित-परंपरेत शिरलेले अपपाठ काढून टाकण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न तेव्हाही होता. नाथांच्या बाबतीत तो अधिकार ग्रंथकर्त्याने स्वतःच दिला. गळ्याला आवळणारी मुळी आणि मूळ ग्रंथाला चिकटलेले अपपाठ यांतील साम्य सांगून दाखवण्याची गरज नाही.

तुकारामांच्या (इ. स. १६०८–१६५०) गाथेत दोन स्वप्ने विशेष महत्त्वाची आहेत. पहिल्यात नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन येतात, तुकोबांना जागे करतात आणि आपली शतकोटी अभंगांची राहिलेली संख्या पुरी करण्याचे काम त्यांच्यावर सोपवतात. दुसऱ्यात गुरूचा उपदेश होतो. स्नानाला जाताना वाटेत गुरू भेटतात, मस्तकावर हात ठेवतात, भोजनासाठी पावशेर तूप मागतात. पण तुकोबांना स्वप्नात त्याचा विसर पडतो. गुरू आपली परंपरा राघवचैतन्य व केशवचैतन्य अशी सांगतात, स्वतःचे नाव बाबाजी सांगतात आणि 'रामकृष्णहरि' हा मंत्र देतात. हे सर्व माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी घडले.

या दुसऱ्या स्वप्नातील पावशेर तुपाकडे चरित्रकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. रचलेली दंतकथा असती तर शिष्याने गुरूची मागणी तत्काळ पुरवली असती. येथे मागणी राहून जाते आणि गुरू निघून जातात. काही अंतराय आला असावा म्हणून त्यांनी घाई केली, अशी तुकोबांची समजूत. स्वप्नाचा हा विसरभोळा, अर्धवट स्वभाव तुकोबांनी झाकलेला नाही. दुसरीकडे तिथी आणि वार मात्र काटेकोरपणे नोंदवला आहे. वर्ष नाही. पंचांगाच्या गणिताने वर्ष काढण्याचा प्रयत्न संशोधकांनी केला, पण त्यांच्यात एकमत झाले नाही. तिथी-वाराची ही नोंद कशासाठी? दानपत्रात, खतात, करारात तिथी-वार असतो. तुकोबा महाजनकी असलेल्या वाण्याच्या घरातले. वहीखात्याचा व्यवहार त्यांना नवा नव्हता. गुरूपदेश हा त्यांनी दस्तऐवजाप्रमाणे नोंदवला आहे. ज्याच्या अधिकारावर कोणी बोट ठेवू शकेल, तोच दस्तऐवज सांभाळून ठेवतो.

आणि बोट ठेवले गेलेच. शूद्राने अभंगांतून वेदार्थ सांगावा काय, असा आक्षेप वाघोलीच्या रामेश्वरभटांनी घेतला. तुकोबांनी दिलेले उत्तर परंपरेला ठाऊक आहे : मी स्वतः होऊन लिहिले नाही, देवाच्या आज्ञेने लिहिले. या उत्तराकडे केवळ नम्रता म्हणून पाहता येत नाही; त्यात युक्तिवादही आहे. अधिकाराचा प्रश्न विचारणाऱ्याला, तो अधिकार तुझ्याही देवाने दिला आहे, असे सांगितले की प्रतिपक्षाची पंचाईत होते. स्वप्न नाकारायचे तर देव स्वप्नात आज्ञा देतो हा स्वतःचाच विश्वास नाकारावा लागतो.

बहिणाबाईंचे स्वप्न

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० (इ. स. १६२८) मध्ये वेरूळजवळच्या देवगावी कुलकर्णीपण असलेल्या ब्राह्मण घरात झाला. (खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी या त्यांच्यानंतर अडीचशे वर्षांनी जन्मल्या; दोघींच्या नावांची गल्लत अजूनही होते.) बालपणीच पाठक आडनावाच्या तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचे लग्न झाले. घरात कर्ज व भाऊबंदकी यांमुळे कुटुंबाला गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर अशी वाट चालत ते कोल्हापूरला पोचले आणि एका वेदसंपन्न ब्राह्मणाच्या आश्रयाला राहिले. हा सर्व तपशील बहिणाबाईंनी स्वतः अभंगांत सांगितला आहे. मराठीत स्त्रीने सांगितलेल्या आत्मचरित्राचा हा अत्यंत जुना नमुना होय. जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यानंतर मराठीबाहेरच्या अभ्यासकांचेही त्याकडे लक्ष गेले.

कोल्हापुरात यजमानाकडून मिळालेल्या कपिला गाईच्या वासराचा बहिणाबाईंना लळा लागला. वासरू त्यांच्यामागे कीर्तनालाही जाई. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दीमुळे ते बाहेर काढले गेले, तेव्हा स्वामींनी त्याला आत आणवले आणि वासराच्या व या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. ही गोष्ट गावभर झाली. नवऱ्याने रागाने बहिणाबाईंना केस धरून मारले व बांधून ठेवले. गाय आणि वासरू या दोघांनी चारा सोडला. पुढे वासरू मरण पावले आणि बहिणाबाई निचेष्ट पडल्या.

येथून पुढचा भाग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. घरच्यांना दिसत होता तो एक निपचित देह. बहिणाबाई मात्र आतून काय चालले होते ते सांगतात : एक ब्राह्मण येतो आणि सावध हो असे बजावतो. शुद्धीवर आल्यावरही मन वासरात आणि कीर्तनात ऐकलेल्या तुकोबांच्या अभंगांत अडकून राहते. तुकोबा भेटावेत हा एकच ध्यास. अखेर कार्तिक वद्य पंचमी, रविवार, या दिवशी स्वप्नात तुकोबा येतात, मस्तकावर हात ठेवतात, कानात मंत्र सांगतात आणि 'मंत्रगीता' हा ग्रंथ हाती देतात. पुन्हा तिथी आहे, वार आहे. शिष्येने गुरूचीच नोंदीची पद्धत उचललेली दिसते.

चरकाच्या कसोटीवर हे स्वप्न टिकत नाही. बहिणाबाईंनी तुकोबांना पाहिले नव्हते, पण त्यांचे अभंग ऐकले होते. म्हणजे ते श्रुत. त्यांच्या भेटीची उत्कट इच्छा धरली होती; म्हणजे ते प्रार्थित. मार, उपवास आणि शोक यांनी शरीर क्षीण झाले होते. म्हणजे ते दोषजही ठरवता येईल. कोणाही वैद्याने ते बाजूला सारले असते. एखादा आधुनिक मानसतज्ज्ञही बहुधा हेच करील, फक्त शब्द बदलेल. तरीही या एका स्वप्नाने एका स्त्रीच्या आयुष्याची दिशा पालटली. वैद्यकाचे 'निष्फळ' आणि समाजातील फळ यांतील हे अंतर इतिहासाने मोजायचे असते.

स्वप्नातील प्रवास कोणी केला, हाही एक लक्षणीय मुद्दा आहे. उपनिषदात झोपलेला पुरुष घरटे सोडून बाहेर हिंडतो. तुकोबांच्या स्वप्नातही ते वाटेवर आहेत, स्नानाला निघाले आहेत. बहिणाबाई मात्र कोठेच जात नाहीत. देहूला असलेले तुकोबाच दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात येतात. त्या वेळी तुकोबा हयात होते, हे विसरून चालणार नाही. ज्या मुलीला चार घरे पलीकडच्या कीर्तनाला जाण्याबद्दल मार बसतो, तिला गुरूच्या दारी जाणे कसे शक्य? तेव्हा गुरूनेच देह मागे ठेवून यायचे. बाहेर पडण्याची मुभा स्वप्नातसुद्धा समाजात असते तितकीच असावी, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

स्वप्नाची वार्ता पसरताच खरा पेच उभा राहिला. ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्राचा उपदेश घेतला, लोक तिच्या दर्शनाला येऊ लागले, आपला मान गेला, असे नवऱ्याला वाटू लागले. बहिणाबाई गर्भवती असताना घर सोडून जाण्याचा निश्चय त्याने केला. नेमका तेव्हाच अंगाचा दाह होऊन तो अंथरुणाला खिळला. एका वृद्ध ब्राह्मणाने त्याला समजावले. त्याला पश्चात्ताप झाला आणि अखेर सर्व कुटुंब देहूला गेले. तेथेही मंबाजी गोसाव्याने त्यांना छळले आणि पुण्याच्या आप्पाजी गोसाव्याकडे तक्रार नेली. म्हणजे स्वप्नाने वाट उघडली खरी, पण त्या वाटेवरचे काटे कायम राहिले.

बहिणाबाईंनी आपली गुरुपरंपरा आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव अशी सांगत राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी व तुकाराम येथवर आणली आहे. या साखळीतील शेवटच्या दोन कड्या, बाबाजी ते तुकाराम आणि तुकाराम ते बहिणाबाई, स्वप्नात जुळलेल्या आहेत. पहिल्या कडीत शूद्राला मंत्र मिळतो, दुसरीत ब्राह्मण स्त्रीला शूद्राकडून मंत्र मिळतो. ज्या दोन ठिकाणी जागेपणी दीक्षा होणे अवघड होते, तेथेच स्वप्न आले. हा प्रश्न बहिणाबाईंना जागेपणीही सुटू देत नव्हता, याचा पुरावा त्यांच्याच लेखनात आहे. ब्राह्मण कोणाला म्हणावे याचा ऊहापोह करणाऱ्या 'वज्रसूची'चा मराठी अवतार त्यांनी अभंगांत केला. रात्री जे मिळाले त्याचे समर्थन दिवसा युक्तिवादाने करावे लागले, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

आक्षेप घेणाऱ्यांची स्वप्ने

स्वप्न हे केवळ दुर्बलांचे साधन होते असे मात्र समजू नये. महिपतीने दिलेल्या हकिकतीनुसार रामेश्वरभटांच्या अंगाची आग होऊ लागली, तेव्हा ते आळंदीला जाऊन बसले. ज्ञानेश्वरांनी स्वप्नात येऊन तुकोबांना शरण जा, असे सांगितले. ब्राह्मण पंडिताला शूद्रापुढे वाकायचे होते आणि जातीत तोंड दाखवायचेही होते. दृष्टान्तामुळे दोन्ही साधले. महिपती हे सारे तुकोबांनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहीत होता ('भक्तविजय' हा त्याचा ग्रंथ शके १६८४, म्हणजे इ. स. १७६२ चा), त्यामुळे तपशिलाबाबत सावध राहणे भाग आहे. परंतु विरोधकाच्या माघारीला सन्मानाने वाट देण्यासाठी परंपरेला स्वप्नाचीच योजना सुचावी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

राजकारणातही हेच दिसते. सभासद बखरीत अफजलखानाच्या प्रसंगी मसलतीतील लोक सल्ला करावा असे म्हणतात. तुळजापूरच्या भवानीने दर्शन देऊन राजांना अभय दिले आणि राजांनी युद्धाचा निश्चय पक्का केला, अशी मांडणी आहे. मुत्सद्दी सल्लागारांच्या मताविरुद्ध जाण्यासाठी लागणारे बळ येथे देवीकडून येते. बखरकाराने हे छत्रपती राजारामांसाठी, जिंजीच्या आणीबाणीच्या काळात लिहिले, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

टिपू सुलतानाची वही : एक प्रतितुलना

वरील सर्व स्वप्ने लोकांना सांगण्यासाठी होती. न सांगितलेल्या स्वप्नांचे साधन दुर्मिळ असते. म्हणून टिपू सुलतानाच्या स्वप्नवहीचे मोल मोठे आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर राजवाड्यातील खाजगी कागदांत कर्नल विल्यम कर्कपॅट्रिक याला ही फार्सी वही सापडली. टिपू ती वाचत किंवा लिहीत असताना कोणी जवळ आले, तर तो ती लपवण्याची धडपड करी, अशी नोंद आढळते. सुलतानाच्या स्वतःच्या अक्षरातील सदतीस स्वप्ने तीत आहेत. ती वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून महमूद हुसेन यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले आहे.

यांतील एक स्वप्न थेट मराठ्यांशी संबंधित आहे. १७८६ मध्ये हरिपंत फडके यांच्या फौजेवर शाहनूरजवळ (सावनूर) छापा घालण्यापूर्वी ते पडले. एक देखणा अनोळखी तरुण येऊन बसतो. टिपू त्याच्याशी एखाद्या स्त्रीशी करावी तशी थट्टा करतो. तरुण उठतो, पगडीखालचे केस मोकळे करतो आणि तो तरुण नसून स्त्री असल्याचे उघड होते. मराठे पुरुषांच्या वेशात असले तरी प्रत्यक्षात स्त्रिया ठरतील, असा अर्थ टिपूने लोकांना सांगितला. पुढे दोन-तीनशे माणसांनिशी आपण फडक्यांच्या डेऱ्यापर्यंत मुसंडी मारली, असेही त्याने लिहिले आहे. ही नोंद छाप्यानंतरची आहे, हे उघड आहे. अर्थ आधी लावला की नंतर, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. युद्धाचा शेवट मात्र स्वप्नाइतका एकतर्फी झाला नाही. १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहात टिपूला प्रदेश व खंडणी यांबाबत मराठ्यांशी तडजोड करावी लागली.

टिपूच्या मागे इस्लामी स्वप्नविचाराची समृद्ध परंपरा होती. खरे स्वप्न हा नबीपणाच्या सेहेचाळीस अंशांपैकी एक अंश, असे हदीसमध्ये म्हटले आहे, आणि आठव्या शतकात निधन पावलेल्या इब्न सीरीन याचे नाव स्वप्नफलाच्या शास्त्राशी कायमचे जोडले गेले आहे. या परंपरेत अर्थ लावणारा जाणकार महत्त्वाचा. टिपू मात्र या प्रसंगी स्वतःच अर्थ लावतो. राजाला परवानगी मागायची नसते. त्याला भविष्य हवे असते. बहिणाबाईंना भविष्याची चिंता कोठेच दिसत नाही. त्यांना हवा होता तो गुरू, आणि तो आपला आहे हे म्हणण्याचा हक्क. एकीकडे ज्याला कोणापुढे जबाब द्यायचा नव्हता त्याने वही लपवली, आणि दुसरीकडे जिला प्रत्येक पावलाचा जबाब द्यावा लागत होता तिने आपले स्वप्न तिथी-वारासह अभंगांत सर्वांपुढे ठेवले.

आधुनिक संशोधन आणि इतिहासाची मर्यादा

विसाव्या शतकात स्वप्नविचार पार बदलला. फ्रॉइडने स्वप्नाला दडपलेल्या इच्छेची भाषा मानले. १९५३ मध्ये डोळ्यांच्या शीघ्र हालचालींची निद्रावस्था असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवून दिली. २००२ मध्ये ओलाफ ब्लांके व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिनिव्हा येथे अपस्मार असलेल्या एका स्त्रीच्या मेंदूच्या उजव्या भागातील एका विशिष्ट जागी सौम्य विद्युत् प्रवाह दिला, तेव्हा तिला आपण वरून खाली आपलाच देह पाहत आहोत असे वाटले. पण तिला दिसले ते फक्त पाय आणि कमरेखालचा भाग. देह आणि 'मी' यांची सांगड मेंदू सतत घालत असतो व ती विस्कटू शकते, एवढे यावरून समजते. बहिणाबाईंच्या निचेष्ट अवस्थेबद्दल तर्क करण्यास या संशोधनाची मदत होऊ शकेल. मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अभंगावरून वैद्यकीय निदान करण्याचा मोह टाळलेला बरा. निदान झाले तरी स्वप्नात तुकोबाच का आले आणि तिथी का नोंदवली गेली, याचा उलगडा मेंदूच्या नकाशावरून होणार नाही.

एक मर्यादा मात्र इतिहासालाही मान्य करावी लागते. आपल्यापर्यंत पोचली ती अखेर मान्य झालेली स्वप्ने. ज्या घरात नवरा आजारी पडला नाही, ज्याला पश्चात्ताप झाला नाही, त्या घरातल्या स्त्रीचे स्वप्न कोणी लिहून ठेवले असणार? बहिणाबाईंच्याच अभंगांत पतिव्रताधर्माची शिकवण ठायी ठायी येते, आणि स्वप्नाने मिळवलेले स्वातंत्र्य व त्या शिकवणीची चौकट एकत्र वाचताना आजच्या वाचकाला अवघडल्यासारखे होते. ते अवघडलेपण गोड मानून घेण्याचे कारण नाही.

शिऊर, शके १६२२

आयुष्याच्या अखेरीस बहिणाबाई शिऊरला होत्या. मुलगा विठोबा परगावी होता. निरोप पाठवून त्यांनी त्याला बोलावून घेतले आणि आपल्या मागील बारा जन्मांची हकीकत त्याला सांगितली. हा आपला तेरावा जन्म, असे त्या म्हणतात. पहिला जन्म वैश्याच्या घरातला. म्हणजे तेराव्या जन्मी ब्राह्मण कुळात आलेला हा जीव पूर्वी इतर वर्णांतूनही फिरलेला होता. पूर्वीच्या जन्मांतही तू माझा मुलगा होतास, असे त्यांनी विठोबाला सांगितले. येथे देह सोडून जाणारा जीव एका रात्रीपुरता घरट्याबाहेर पडत नाही. तो अनेक घरटी मागे टाकत आलेला आहे.

कोल्हापूरच्या स्वप्नाशी ही हकीकत ताडून पाहिली तर एक फरक नजरेत भरतो. तेथे मुलीच्या मस्तकावर हात ठेवणारा कोणी तरी लागत होता आणि ती घटना खरी मानणारा नवराही लागत होता. शिऊरला सांगणाऱ्या त्याच, साक्षीदारही त्याच. कोणाची आज्ञा नाही, कोणाच्या आजारपणाचा पुरावा नाही. समोर बसलेला मुलगा ऐकतो आहे, आणि बहात्तर वर्षांची आई एकामागून एक जन्म मोजून दाखवते आहे. शके १६२२ (इ. स. १७००) च्या आश्विन शुद्ध प्रतिपदेला त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी शिऊरलाच आहे.